काठोकाठ भरलेला प्याला

बुरुल एजेच्या घरी चहाला गेलेला माणूस कधी उठणार, हे त्या माणसाच्या हातात नसे. ते बुरुलच्या किटलीवर असे. माणूस हवा असला की ती प्याल्याच्या तळाशी जेमतेम दोन घोट चहा घाली, तो संपतो न संपतो तोच पुन्हा दोन घोट, आणि मधल्या वेळात बोले. असं करता करता दुपारची संध्याकाळ होई आणि आपण कशासाठी आलो होतो हेही पाहुण्याला आठवत नसे. माणूस नको असला, तर एक वाकडा शब्द न बोलता ती प्याला काठोकाठ भरे आणि हसतमुखाने पुढे ठेवी. आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो: प्या आणि निघा. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस तर म्हणे, या घरात मी कित्येक वर्षं येतोय, पण मला अर्धा प्याला काही अजून मिळालेला नाही.

बुरुल गावच्या बालवाडीत स्वयंपाकीण, आणि सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली बहीण. कोचकोरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. त्यातली निम्मी तरणी माणसं तिच्या हातची रव्याची खीर खाऊन मोठी झाली, आणि खिरीबरोबर तिची बोलणीही. आवाज असा की ओढ्यापलीकडच्या मेंढ्या कान टवकारत. तिचा बाप सरकारी कळपाचा मेंढपाळ होता. उन्हाळाभर डोंगरावर एकटा राहून तो मुका व्हायचा बाकी राहिला होता. त्याच्या वाट्याचं बोलणं सगळं लेकीला मिळालं, असं गाव म्हणे. पुढे नवरा मिळाला तो कुबात, तोही बापाच्याच जातीचा. लग्नाला आयुष्य झालं, तरी तो बिचारा अजून आपली बोलायची पाळी यायची वाट बघतोय.

सोव्हिएत राज्य गेलं, सामूहिक शेती मोडली, त्या हलाखीच्या हिवाळ्यात शहरातून आलेल्या एका बाईने बुरुलला किर्गिझ भाषेतलं शुभवर्तमान दिलं होतं. बुरुलने ते वाचायला घेतलं ते भांडण्यासाठी. पानापानावर हरकत काढत ती शेवटापर्यंत गेली, आणि पुस्तक मिटलं तेव्हा हरकत एकही उरली नव्हती, नुसतं रडू उरलं होतं. बर्फ वितळल्यावर तिने बाप्तिस्मा घेतला. गावाने काही दिवस पाठ फिरवली. पण बालवाडीची खीर तीच शिजवत होती, आणि लग्नघरी कणकेचे कढईभर फुगीर बोर्सोक तळावेत तर तिनेच, त्यामुळे ती पाठ फार दिवस फिरलेली राहिली नाही. गावातली ख्रिस्ती मंडळी म्हणजे ओंजळभर माणसं. रविवारी पाळक जिर्गालच्या घरातल्या मोठ्या खोलीत ती जमत.

तिच्या मागोमाग त्या खोलीत आली तिची धाकटी जाऊ, सालकिन.

सालकिन नवी नवरी होऊन आली तेव्हा सासरी तोंड उघडायला भीत असे. बुरुलने तिची भीती घालवायची सोडून तिचं बोलणंच आपल्या अंगावर घेतलं. सासूला काय सांगायचं, दुकानात काय मागायचं, नवऱ्याने, तुरातने, पिणं सोडावं म्हणून त्याला काय काय ऐकवायचं, सगळं जावेच्या वतीने बुरुल बोले. सालकिन फक्त गात असे. तिची आजी आसपासच्या सगळ्या गावांत कोशोक गाणारी म्हणून नावाजलेली होती. मयताच्या घरी बायका तंबूत बसून गेलेल्या माणसाला हाका मारत जे गाऊन रडतात, ते कोशोक. ही म्हातारी गायला लागली की मेलेल्याचे वैरीसुद्धा मान खाली घालत. तो गळा नातीत उतरला होता. रविवारी सालकिनने स्तोत्र उचललं की बुरुल गप्प बसे, आणि तिला गप्प बसवणारं दुसरं काही त्या गावात नव्हतं.

तुरात गेला तो उन्हाळी कुरणावर, घोड्यावर खोगीर चढवता चढवता. काळीज थांबलं. घरासमोर नमद्याचा गोल तंबू उभा राहिला, त्याला त्यात ठेवलं, आणि बायका रिवाजाप्रमाणे तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. बाहेर माणसं जमू लागली. सालकिनने पहिला सूर काढला, आणि बुरुलने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आशा नसलेल्यांसारखा शोक आपण करत नाही, हे तिने प्रवचनात ऐकलं होतं, आणि ऐकलेली गोष्ट तिच्या डोक्यात खिळ्यासारखी बसे. जावेच्या कानाशी लागून ती म्हणाली, "असं गायचं नाही गं आपण. तो प्रभूजवळ आहे ना? लोक बघतायत."

सालकिनचा सूर तुटला तो तुटलाच. तंबूतल्या सगळ्या बायका गायल्या. जिचा नवरा गेला होता ती तेवढी गप्प बसून राहिली. गावाला ते वर्षभर पुरलं. नवरा गेला आणि बाईच्या तोंडून एक ओळ निघाली नाही, कसलं म्हणायचं हे काळीज, असं पाणवठ्यावर, दुकानात, सगळीकडे. बुरुल मात्र रोज जावेकडे जाई, किटलीचा ताबा घेई आणि वचनं सांगे. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की त्याला पुष्टी देणारं तिसरं. सालकिन ऐकून घेई. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, भांडी विसळून झाली, आणि हात पुसता पुसता ती म्हणाली, "एजे, उद्यापासून येऊ नका."

त्यानंतर ती मंडळीत यायची थांबली आणि तिचं गाणंही थांबलं. दोन्ही घरांच्या मध्ये एक ओढा आणि त्यावर टाकलेली एक फळी, पण त्या फळीवरून कुणी येईना की जाईना.

बुरुल तणतणत पाळक जिर्गालकडे गेली. मी हिला देवाचं वचन द्यायचं आणि हिने मला दार दाखवायचं, असा तिचा एकूण सूर होता. जिर्गाल मऊ माणूस. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, कारण दुसरा मार्गच नव्हता, आणि मग सांगितलं की राजधानीत एक वर्ग सुरू होतोय. दुःखात, भांडणात, व्यसनात सापडलेल्या माणसाजवळ शास्त्राच्या आधाराने कसं बसायचं आणि काय सांगायचं, हे तिथे शिकवतात. समुपदेशनाचा वर्ग. महिन्यातून दोन-तीन दिवस जायचं, आणि आपल्या मंडळीतून एक जण पाठवायचा आहे.

"एजे, तुम्हीच जा," तो म्हणाला.

बुरुलला ते पटलं. आपण सांगतो तेच जर छापील पद्धतीने सांगता आलं, तर सालकिनला ऐकावंच लागेल, असा तिने हिशेब केला. पाळकाच्या बायकोला मात्र हे कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. जिर्गाल तिला म्हणाला, "शिकून आल्या तर मंडळीचं भलं. नाही शिकल्या तरी महिन्यातून तीन दिवस मंडळीला शांतता."

वर्ग घेणाऱ्या बाई वेरा तेन या तोकमोकच्या कोरियन. अंगाने बारीक, केस आखूड, किर्गिझ बोलताना शब्द जपून ठेवणाऱ्या. चहा पीत त्या मगातून, तोही बिनदुधाचा, एकदाच भरून घेतलेला. हिच्याकडून काय डोंबल शिकायचं, असं बुरुलच्या मनात पहिल्याच दिवशी येऊन गेलं. पहिला धडा साधा होता. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने आपलं दुखणं सांगायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. बुरुलच्या वाट्याला नारीनचा एक तरुण शिक्षक आला. वडिलांशी माझा अबोला आहे, एवढं तो म्हणाला मात्र, बुरुलने वडिलांची बाजू मांडायला घेतली. शेवटी तेनबाईंनी विचारलं, "बुरुल एजे, हा काय म्हणाला ते सांगा बघू." बुरुलने ऐटीत सांगितलं. त्यातलं पहिलं वाक्य सोडलं तर बाकी सगळं तिचं स्वतःचं होतं, आणि वर्ग खो खो हसला.

पुढच्या महिन्यात ती खिसाभर कुरुत घेऊन आली. वाळवलेल्या दह्याच्या या खारट गोळ्या दगडासारख्या असतात; गालात धरली तर बराच वेळ विरघळत नाही, आणि ती तोंडात असताना माणसाला धड बोलता येत नाही. समोरचा बोलायला लागला की बुरुल एक गोळी तोंडात टाकी आणि डोळे वटारून ऐके. गोळी संपेपर्यंत आपली पाळी नाही, असा तिने स्वतःला दंडक घातला होता. तेनबाई म्हणाल्या की असा उपाय आमच्या शिक्षणात कुठे नाही. मग त्यांनीही एक गोळी मागून घेतली, तोंड वेडंवाकडं केलं आणि पाण्याबरोबर ती कशीबशी उतरवली.

शिकत होती ती, हे मान्य करायला हवं. समोरच्याने काय सांगितलं ते आधी त्याला परत सांगायचं, मग प्रश्न विचारायचा, मग शास्त्रातलं एखादंच वचन, आणि घरी करायला काहीतरी छोटं. यातलं घरी करायला देणं तिला विशेष आवडलं. बालवाडीच्या पहारेकऱ्याला तिने रोज एक स्तोत्र वाचायला आणि गाढवाला आईवरून शिव्या न द्यायला सांगितलं. पहारेकरी मुसलमान, पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा स्तोत्र वाचणं सोपं होतं. वचनांची मात्र तिला अजून घाई होई. तेव्हा तेनबाई म्हणाल्या, "तुम्ही स्वयंपाक करता ना? सगळं मीठ एकदम टाकता का?" बुरुलने त्या दिवशी दुसरी गोळी तोंडात टाकली.

ऐन थंडीत ईयोबाचा धडा आला. सगळं गमावून तो राखेत बसला, तेव्हा त्याचे मित्र लांबून आले आणि त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. "इथपर्यंत त्यांचं काही चुकलं नाही," तेनबाई म्हणाल्या, "पुढे त्यांनी तोंड उघडलं." वर्ग हसला. बुरुल हसली नाही. मग बाईंनी एक स्तोत्र वाचलं, रडण्याचं. त्यात देवाला सरळ हाक होती, तू कुठे आहेस, तोंड का लपवलंस, माझी उशी भिजून गेली. शास्त्रात अशी कितीतरी आहेत, बाई म्हणाल्या. विश्वास उरला नाही म्हणून नव्हे, विश्वास असतो म्हणूनच माणूस देवाजवळ असं रडतो.

बुरुलने ते स्तोत्र पूर्वी वाचलं होतं. पण मोठ्याने, किर्गिझमध्ये, दुसऱ्याच्या तोंडून तिने ते पहिल्यांदा ऐकलं. तीच हाक, तोच चढता सूर, तीच तक्रार. तंबूत बसून बायका हेच तर गातात. वर्ग सुटल्यावर ती बाईंजवळ गेली आणि तिने तुरातच्या मयताची सगळी हकीकत सांगितली. हात कसा ठेवला, कानात काय म्हणाली, तेही. मग विचारलं, "माझं चुकलं का?"

"मला कशाला विचारता?" तेनबाई म्हणाल्या. "जिचं गाणं थांबवलंत, तिला विचारा."

हे विचारायचं धाडस बुरुलला हिवाळाभर झालं नाही, वसंतातही नाही. उन्हाळ्यात पहारेकऱ्याकडून बातमी आली: कळप डोंगरावरून उतरले की सालकिन आपल्या मुलीकडे जाणार, रशियात कझानला, कायमची. गायीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. जाऊ निघून जाणार हे बुरुलला लागलंच. पण आपल्या घरची गोष्ट आपल्याला गाढववाल्याकडून कळावी, याने ती फार रडली. मनात एवढंच होतं की ही अशी गप्प आणि अशी रागावलेली गेली, तर उरलेला सगळा जन्म फळीपलीकडच्या त्या बंद घराकडे बघत काढावा लागेल.

वर्ग संपत आला होता. शेवटी प्रत्येकाने खऱ्या दुःखातल्या खऱ्या माणसाजवळ बसायचं आणि बाईंनी कोपऱ्यात बसून बघायचं, अशी परीक्षा होती. त्या माणसाला हे आधी स्पष्ट सांगायचं, त्याची मर्जी असेल तरच. बुरुल म्हणाली, माझ्याकडे माणूस एकच आहे.

ती फळी ओलांडून गेली आणि सालकिनच्या फाटकात उभी राहिली. बोलून घोळ होऊ नये म्हणून तिने गालात कुरुत धरलं होतं. सालकिन गायीखालून उठून आली, बादली खाली ठेवली आणि तिच्या फुगलेल्या गालाकडे बघितलं.

"दाढ दुखतेय का?" तिने विचारलं.

बुरुलने नाही म्हणून मान हलवली, गोळी काढून मुठीत घेतली आणि सांगितलं: बाई येणार आहेत, परीक्षा आहे, पण परीक्षा नसती तरी मी आले असते. तू बोलायचंस, मी ऐकणार. मी काही बोलणार नाही.

"तुम्ही? आणि बोलणार नाही?"

"नाही."

सालकिनच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. "येते," ती म्हणाली. "हे बघायला तरी येते."

ठरल्या दिवशी तेनबाई सकाळच्या गाडीने आल्या. बुरुलने पहाटेच सतरंज्या झटकल्या होत्या, लोणी, जर्दाळूचा मुरंबा, ताजे बोर्सोक असं सगळं मांडलं होतं. सालकिन यायच्या आधी बाईंनी तिला बाजूला घेतलं. "एक सांगू? मागच्या वेळी वर्गात तुमच्यासमोरची मुलगी रडकुंडीला आली होती आणि तुम्ही तिच्या चहात साय घालत होतात. तुमचे हात फार चालतात. आज चहा एकदा द्या, आणि मग हात मांडीवर." बुरुलने मान डोलावली. तिने हे इतकं मनावर घेतलं की नंतर तिच्या डोक्यात हाताशिवाय दुसरं काही राहिलंच नाही.

सालकिन आली. नवा रुमाल बांधून आली होती. तेनबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या. थोडा वेळ हवापाण्याचं झालं, आणि मग सालकिन बोर्सोकचा तुकडा हातात फिरवत म्हणाली, "त्या दिवशी सकाळी, तो कुरणावर निघाला तेव्हा, आमचं भांडण झालं होतं."

बुरुलने मनाशी बजावलं. आता हिला मध्ये थांबवायचं नाही, आता हात चालवायचे नाहीत. तिने किटली उचलली, सालकिनचा प्याला काठोकाठ भरला, किटली पाठीमागे लांब सरकवून ठेवली आणि हात मांडीवर घेतले. तोंड मिटलं. सालकिनच्या डोळ्यांत बघत बसली, शिकवल्याप्रमाणे.

सालकिन प्याल्याकडे बघत होती. प्याल्याच्या कडेवर चहा थरथरत होता. हातातला तुकडा तिने हळूच ताटात ठेवला.

"बरं," ती म्हणाली. रुमालाची गाठ घट्ट केली, कोपऱ्यात बसलेल्या बाईंना मान लववून नमस्कार केला आणि उठून गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तेनबाई चक्रावून गेल्या. कुठे बिघडलं, त्यांना कळेना. एजे एक शब्द बोलल्या नव्हत्या, नजर बरोबर होती, हात मांडीवर होते. बुरुल सवयीने आवरायला उठली, सालकिनचा प्याला उचलला, आणि तो इतका भरलेला होता की उचलताच कढत चहा तिच्या बोटांवर सांडला. बुरुलने प्याल्याकडे पाहिलं.

"मी तिला हाकललं," ती म्हणाली.

दाराशी कुबात उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "काठोकाठ?" बुरुलने मान डोलावली. "मग जा की," कुबात म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं बोलणं तिथे संपलं.

तेनबाईंना प्याल्याची गोष्ट समजावून सांगावी लागली. समजल्यावर त्यांचा चेहरा उतरला. चूक माझी, हात आवरायला मीच सांगितलं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. बुरुल चपला शोधत होती. "सांगितलं तुम्ही, पण हात माझे होते," ती म्हणाली, आणि भाजलेली बोटं रुमालात गुंडाळून ओढ्याकडे गेली. त्या दिवशीच्या परीक्षेत ती नापास झाली हे इथेच सांगून टाकतो, कारण परीक्षा घेणाऱ्या बाई मागे राहिल्या, आणि कुबातने त्यांच्यापुढे ठेवलेला मटणाचा वाडगा संपवण्यात त्यांची दुपार गेली.

सालकिनच्या घरात सामान अर्धं बांधलेलं होतं. तुरातचं खोगीर दाराजवळ खुंटीला होतं, त्यावर धूळ नव्हती. दारी आलेल्या माणसाला आत घेतलं नाही असं आमच्याकडे होत नाही, मोठ्या जावेला तर नाहीच, म्हणून सालकिनने तिला आत घेतलं. बुरुल मानाच्या जागी गेली नाही. दाराजवळ, सुना बसतात तिथे बसली. सालकिनने चहा ठेवला. प्याला घेतला. काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे ठेवला.

बुरुलने तो प्याला दोन्ही हातांनी उचलला आणि प्यायला लागली. चहा कढत होता, जीभ पोळली, पण ती थांबली नाही. रिकामा प्याला तिने पुढे केला. सालकिनने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा काठोकाठ भरला. बुरुलने तोही संपवला आणि पुढे केला. पुन्हा काठोकाठ. या घरात असा हट्ट पूर्वी कधी झाला नसेल. एक निघा म्हणत होती आणि दुसरी जात नव्हती, आणि दोघीही एक शब्द बोलत नव्हत्या. बुरुलच्या कपाळावर घाम फुटला. शेवटी तिने प्याला खाली ठेवला.

"आज मी तुला जा म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "हात आवरायला सांगितलं होतं, म्हणून एकदाच भरला. वेंधळेपणा झाला. पण मी त्यासाठी आले नाही. त्या दिवशी तंबूत तू गायला लागलीस आणि मी तुझं तोंड बंद केलं. ते माझं चुकलं. मला माफ कर."

सालकिनने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "पुढे? वचन?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही."

खिशात कुरुत नव्हतं. बुरुलने खालचा ओठ दातांत धरला आणि बसली. बाहेर गाय हंबरली, थांबली, पुन्हा हंबरली. सालकिन बोलायला लागली ती खोगिराकडे बघत. छपराचा एक पत्रा उचकटला होता, वारा आला की रात्रभर वाजायचा. तुरात रोज म्हणे, उद्या. त्या सकाळीही म्हणाला. "मी म्हटलं, पत्रा ठोकायचा नसेल तर परत घरी येऊच नकोस." ती थांबली. "आणि तो आला नाही, एजे."

अगं, त्याने काही होत नसतं. त्याचं काळीज आधीच दुबळं होतं, डॉक्टर म्हणाले होते. प्रभू तुला दोष देत नाही. हे सगळं बुरुलच्या जिभेवर रांगेत येऊन उभं राहिलं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. तिने ते तिथेच उभं ठेवलं. "येऊच नकोस म्हणालीस," ती फक्त म्हणाली, "आणि तो आला नाही."

"हो," सालकिन म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा विस्कटला. ती उठली, भिंतीकडे तोंड करून बसली, कोशोक गाताना ठेवतात तसे हात कमरेवर ठेवले. बुरुलही सरकत सरकत तिच्याजवळ गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली, तंबूत बसायला हवं होतं तशी.

मग सूर निघाला.

"खोगीर खुंटीला ठेवून गेलास, घोडा तुझा दाराशी फिरतो,
कोण याला पाण्याला नेईल, तुझ्या हाकेची वाट बघतो.
उद्या म्हणालास, उद्या म्हणालास, पत्रा वाऱ्याला वाजतो आहे,
मी बोलले ते रागाने रे, राग कधीचा विझला आहे.
ये म्हणते मी, ये म्हणते मी, छप्पर राहू दे तसंच उघडं,
तूच नाहीस त्या घरात मला कोरडं काय नि ओलं केवढं."

ती पुष्कळ वेळ गायली. कधी तुरातशी भांडली, कधी त्याच्या आळशीपणाची नक्कल केली, कधी देवालाच विचारलं की माझं बोलणं तू इतकं खरं का धरलंस. ओढ्यापलीकडे कुबात आणि तेनबाई दारात येऊन उभे राहिले. वाटेने जाणाऱ्या दोन बायका थांबल्या आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावले. बुरुल रडत होती, तोंड न झाकता, आवाज करून. वर्षभरात तिलाही तुरातसाठी रडायला जमलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तो तिचा सख्खा दीर होता.

गाणं थांबल्यावर सालकिनने नाक पुसलं. तिचा आवाज बसला होता. "देवाला असं ऐकवलेलं चालतं का, एजे?"

"त्याच्या पुस्तकात अशी पुष्कळ आहेत," बुरुल म्हणाली. "तुला वाचून दाखवीन. आज नको."

ऊन उतरलं होतं. घरी बाई खोळंबल्या असतील, संध्याकाळच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं, आणि जावेलाही आता जरा एकटं सोडायला हवं, असं बुरुलला वाटलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि आपला रिकामा प्याला विसळायला म्हणून हातात घेतला.

सालकिनने तो तिच्या हातून काढून घेतला, किटली उचलली आणि तळ जेमतेम झाकेल एवढा दोन घोट चहा त्यात घातला.